अनुभव धागा: युद्धाच्या खेळात वेळ किती वेगाने पळवता?

रविवारी धाकट्या भावाशी यावरून चांगलंच वाजलं, म्हणून हा धागा. 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर खेळात १ जानेवारी १९३६ पासून घड्याळ तासातासाने सरकतं. वेगाच्या पाच पायऱ्या, आणि स्पेसबार दाबला की सगळं जग थांबतं. भावाच्या मते पॉज करणं म्हणजे रडीचा डाव. मला ते अजिबात पटत नाही. नकाशापुढे उभं राहून विचार करायचा वेळ सेनापतीने दुसरा कुठून आणायचा?

शांततेची वर्षं मीही पाचवर काढतो. बहुतेक फोकस (देशाने निवडायची मोठी धोरणं) ७० दिवसांचे; कारखान्यांची रांग लावून दिली की बघण्यासारखं फारसं उरत नाही. युद्ध लागलं की मात्र दोनवर. गेल्या महिन्यात पोलंड देश खेळायला घेतला होता. सप्टेंबर १९३९ उजाडला, वेग पाचवरच राहिला, आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं म्हणून पिंप भरायला उठलो. परत येऊन बघतो तर पश्चिमेकडच्या बारा डिव्हिजन (सैन्याच्या तुकड्या) वेढ्यात, रसद तुटलेली. खेळातले दोन दिवस आधी दिसलं असतं तर त्यांना विस्तुला नदीच्या मागे ओढून घेता आलं असतं. अजून चुटपुट लागून आहे. तुम्ही कसं खेळता? सविस्तर लिहा.

डोंबिवलीहून
दादा, एकट्याने खेळताना हे ठीक. चौघांत खेळून बघा. आमची शनिवार रात्रीची चौकडी आहे. ज्याचा लॅपटॉप सगळ्यात जुना, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. १९४३ उजाडेपर्यंत नकाशावर डिव्हिजनची इतकी गर्दी होते की पाच लावूनही दिवस रांगत जातो, कारण पाचव्या पायरीवर प्रोसेसरला झेपेल तेवढंच घड्याळ पळतं. यावरून एक मित्र कायमचा सोडून निघाला होता. तेव्हा बसून तीन गोष्टी ठरवल्या. युद्धात तीनच्या वर जायचं नाही, विचारल्याशिवाय पॉज नाही, आणि उगाच बारक्या डिव्हिजनचा खच पाडायचा नाही. तिसऱ्या नियमाने सगळ्यात जास्त फरक पडला. तो मित्र अजून आमच्यात आहे.

गिरगावातून
मी कायम तीनवर. त्याहून कमी केलं की कंटाळा येतो, वाढवलं की नुसत्या तारखा पळताना दिसतात.

दादरहून
मी 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या दुसऱ्या खेळाबद्दल लिहिते. ११ नोव्हेंबर १४४४ ते १८२१, म्हणजे जवळजवळ पावणेचारशे वर्षं एकेका दिवसाने पुढे न्यायची. त्यामुळे पाचवर जायचा मोह होतोच. पण लढाई पाचवर बघू नका! मी विजयनगर घेऊन बहमनींवर गेले होते. लढाईत तीन-तीन दिवसांचे टप्पे असतात, आधी मारा, मग हातघाई, आणि प्रत्येक टप्प्याला नवा फासा. एकवर आणलं तेव्हा दिसलं, माझ्या फौजेच्या मनोबलाची पट्टी दर दिवशी थोडी थोडी खाली येत होती. शेजारच्या प्रांतातली राखीव तुकडी लगेच हलवली, ती वेळेत पोचली आणि लढाई फिरली. पाचवर असते तर थेट पराभवाची पाटीच वाचली असती.

मुलुंडहून
माझं वय ६३. बोटांच्या सांधेदुखीमुळे धडाधड क्लिक करायचे लढाईचे खेळ चार वर्षांपूर्वी सुटले, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. मग पुतण्याने हा पॉजचा प्रकार दाखवला. आता थांबवतो, चहा घेतो, एकेका डिव्हिजनला नीट हुकूम देतो आणि मग चालू करतो. १९३६ ते १९४० एवढंच खेळायला मला पूर्ण पावसाळा लागला. इटली घेतली आहे, सध्या लिबियात बंदरावरून रसद पुरत नाही म्हणून अडकलोय. तुमच्या भावाला सांगा, रडीचा डाव वगैरे काही नाही. आणि कोणाला त्या रसदीचं जमलं असेल तर इथेच लिहा, मी आत्ता पॉज करूनच बसलोय.