मदत हवी आहे: १९४४च्या फ्रान्समधील रात्रीच्या ड्रॉपचा नकाशा

जेडबर्ग पथकांवरच्या (दोस्त राष्ट्रांनी जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरवलेली छोटी पथकं) तक्त्यासाठी एका ड्रॉपची, म्हणजे विमानातून पॅराशूटने माल टाकण्याची, आखणी चालू आहे. पथक तिघांचं: एक ब्रिटिश किंवा अमेरिकन अधिकारी, एक फ्रेंच अधिकारी आणि वायरलेसवाला. खाली माकी गटाची (फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या गनिमांची) माणसं, वर हॅलिफॅक्स हे ब्रिटिश बॉम्बर विमान, १५ कंटेनर (मालाची नळकांडी), उंची ६०० फूट.

माझा हिशोब असा. पॅराशूट सेकंदाला ५ मीटर उतरतं असं धरलं, तर जमिनीवर यायला साधारण ३६ सेकंद. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर माल १८० मीटर वाहवतो, ८ असेल तर २९० मीटर, म्हणजे थेट झाडांत! विमान ताशी १९० किलोमीटरने जात असेल तर बटण दाबायला एका सेकंदाचा उशीर म्हणजे आणखी ५३ मीटर. त्यामुळे मैदानाची लांबी वाऱ्याच्या दिशेतच ठेवली आहे.

अडलंय ते दोन ठिकाणी. वाऱ्याच्या रेषेत तीन दिवे ठेवले आणि चौथ्याने मोर्समध्ये ठरलेलं अक्षर दाखवलं, की उलटा 'एल' होतो. हा चौथा दिवा रेषेच्या कुठल्या टोकाला काढू, वारा येतो त्या की जातो त्या? दिशा चुकली तर अख्खा नकाशाच उलटा.

दुसरं, कंटेनरचे दोन प्रकार, 'सी' आणि 'एच'. 'सी' कंटेनर लांबीत उघडतो, ब्रेनगन आणि रायफली त्यातच मावतात, पण भरलेला उचलायला चार माणसं तरी हवीत. 'एच'चे पाच डबे सुटे करून नेता येतात, मात्र लांब हत्यारं बसत नाहीत. १५ पैकी कोणते किती धरू? मूळ आराखडा पाहिलेल्यांनी कृपया सांगावं, अंदाज नकोत.