आशाताईंना स्तनपान शिकवताय? मग सासूबाईंशी बोलायलाही शिकवा

रानजाई:
स्तनपान वाढावं म्हणून सरकारचा ‘मां’ कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे. पहिल्या तासात छातीला लावा, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, हे आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना, तोंडपाठ आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तासाभरात दूध मिळालेली बाळं देशात ४१.८ टक्केच. आईला माहिती असते, पण घरात चालतं आजीचं आणि मालिशवाल्या बाईचं.

म्हणून प्रशिक्षणात रूढी निवडायला शिकवावं. मध चाटवणं, गुळाचं पाणी, चीक (आईचं पहिलं घट्ट दूध) पिळून टाकणं, इथे तडजोड नाही. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो, हे स्वच्छ सांगावं. पाचवीची पूजा, कपाळावरची तीट यांच्या वाटेला जाऊ नये. डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती यांचं तर कौतुकच करावं. तेवढं झालं की आजी घुटीबद्दल ऐकून घेते. गाईच्या चिकाचा खरवस आपण वाटीवाटीने शेजारी देतो, मग आईचाच चीक वाईट कसा, असं विचारलं की बहुतेक आज्या हसतात.

खडीसाखर_नको:
सपशेल असहमत. त्याच पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालीत. मग पहिल्या तासात बाळ कुणाच्या ताब्यात असतं? सिझेरियन झालं की आईला बाळ कधी देतात ते विचारा. तिथे आजीचं काय चालतं? शिकवायचंच तर प्रसूतिकक्षातल्या सिस्टरना शिकवा. आशाला बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत सहा गृहभेटी आणि त्याचे २५० रुपये. त्यात आता संस्कृतीचा अभ्यासक्रम!

रानजाई:
पहिल्या तासाचं मान्य. पण सहाण आणि घुटीचं सामान दवाखान्यात नसतं, घरी असतं. सिस्टर तिथे कशी पोचणार?

जुनंखोड:
आमची पिढी घुटीवरच वाढली. काही झालं नाही.

खडीसाखर_नको:
काका, ज्यांना झालं ते इथे लिहायला नाहीत. (रानजाईंशी माझं भांडण आहे, पण घुटीच्या बाजूने नाही हो.)

मेळघाटवासी:
आमच्याकडची आशा स्वतः कोरकू आदिवासी. तिला काय रूढी शिकवणार? तिची सासू तेच करते. प्रशिक्षण मात्र मराठीत, पडद्यावरच्या चित्रात पांढऱ्या कोटातला डॉक्टर. रूढींची जाण यायला हवी ती प्रशिक्षकाला. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातलीच माणसं तयार केली आणि ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्यात जंतुसंसर्गावरचे उपचारही होते, नुसतं स्तनपान नव्हे. पण त्या माणसांवर गावाचा विश्वास आधीपासून होता, हे विसरू नका.

दोन_पोरांची_आई:
तुम्ही सगळे मध आणि चिकातच अडकलात. माझ्या घरी कुणीच मध चाटवला नाही, सगळे शिकलेले. तरी दुसऱ्या आठवड्यात ‘दूध पुरत नाही’ म्हणून पावडरच्या दुधाचा डबा आला. बाळ नुसतं बोंडावर चोखत होतं, खालचा काळा भाग तोंडात जातच नव्हता. ते कुणी बघितलंच नाही. आशाताई आल्या, वजन घेतलं, चहा घेतला, गेल्या. पकड ओळखता येत नसेल तर सासूशी गोड बोलून काय होणार? निम्मं प्रशिक्षण खऱ्या आईबाळासमोर व्हायला हवं.

रानजाई:
हे पटलं. पण बाळ पाजताना बघू द्या, असं म्हणायला त्या घरात आधी आत जाऊ दिलं पाहिजे. दृष्ट लागेल म्हणून पदराआड पाजतात. पकड दिसणार कुठून?

मेळघाटवासी:
आणि पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या आशाकडे, बाळ माहेरच्या गावात. या सहा भेटी कुणी करायच्या यावरच दोघींचं अडतं. त्या दोघींना आधी एकमेकींचे नंबर द्या, मग बाकीचं बोलू.

खडीसाखर_नको:
नंबर देऊ. २५० रुपये कुणाच्या खात्यात जाणार?