आर्मेनियन बंगल्यात, घानावाले भाड्याच्या खोलीत: ‘संस्कृती’च्या या हिशोबावर माझा आक्षेप

ब्राँक्सची_बाय

परवा ‘परदेशात कोण वर येतं’ या धाग्यावर ‘शिस्तप्रिय’ यांनी लिहिलं होतं: “अमेरिकेत आर्मेनियन आले, घानाचेही आले. दोन्ही देश गरीबच. आज आर्मेनियन कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलला स्वतःच्या घरात राहतात आणि घानावाले ब्राँक्सला भाड्याच्या खोल्यांत. फरक संस्कृतीचा आहे. बचत, शिक्षण, कुटुंब. आपण आर्मेनियनांकडून शिकावं.” त्यावर टाळ्यांचा पाऊस. तिथेच दोन ओळी टाकणार होते, पण हात थांबेना, म्हणून वेगळा धागा.

मी अकरा वर्षं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे. आमच्या मजल्यावरच्या नऊ सीएनएंपैकी (पेशंटची देखभाल करणाऱ्या मदतनीस) सहा जणी घानाच्या. त्यातल्या एकीला सगळे आंटी म्हणतात. घानात कुमासी शहरात ती शाळेत गणित शिकवायची. इथे तिच्या कागदांना कोणी विचारलं नाही. सकाळी सात ते तीन आमच्याकडे, चार ते रात्री अकरा एका म्हातारीच्या घरी. ब्रेकरूममध्ये तिच्याजवळ एक वही असते, पट्टीने रकाने आखलेली. दहा जणी, दर पंधरवड्याला प्रत्येकी दोनशे डॉलर, पाळीपाळीने एकीच्या हातात दोन हजार. याला त्या सुसू म्हणतात. मी पहिल्यांदा वही पाहिली तेव्हा हसूच आलं. म्हटलं, अहो, ही तर आमच्या आईची भिशी! आणि या बायकांना बचतीची संस्कृती नाही म्हणे.

आता बंगल्याचं. आंटीचं घर आहे. कुमासीला आहे. फोनवर फोटो दाखवते: तळमजला झालाय, स्लॅब पडलाय, आणि वरच्या मजल्यासाठी कॉलमचे गज तसेच वर काढून ठेवलेत. आपल्याकडे असे गज किती घरांवर दिसतात! गिरणगावातला चाकरमानी दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांत झोपायचा आणि गावाला चिरेबंदी घर बांधायचा. त्याला कोणी ‘संस्कृती नसलेला’ म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. इथलं भाड्याचं घर मोजायचं आणि तिथला स्लॅब मोजायचा नाही, हा कुठला हिशोब?

---

शिस्तप्रिय

बाय, भावना पोचल्या. पण तुमची आंटी म्हणजे पुरावा नव्हे.

मी १७ वर्षं ग्लेनडेलला आहे, आर्मेनियन घरमालकाच्या इमारतीत. गृहस्थ आर्मेनियातल्या लेनिनाकानचे, म्हणजे आताचं ग्युम्री. १९८८ च्या डिसेंबरातल्या भूकंपात घर गेलं. इथे आले तेव्हा इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त केल्या, मग स्वतःचं गॅरेज टाकलं, आज दोन इमारती आहेत. त्यांना कोणी फुकट दिलं नाही. शिवाय मागे तुर्कांनी केलेला १९१५ चा नरसंहार, नेसत्या वस्त्रानिशी देशोधडीला लागलेली जमात. तरी रडत बसले नाहीत. घानावर असं काय कोसळलं होतं?

---

वुस्टरकर

(गावाचा उच्चार वुस्टर. स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं शोभेला असतात. बॉस्टनजवळ. इथेही घानाची वस्ती मोठी आहे.)

शिस्तप्रिय, कोसळलं काय ते सांगतो. १९८३ च्या जानेवारीत नायजेरियाने परवाने नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांत देश सोडायला सांगितलं. दहा लाखांवर माणसं निघाली, त्यात बहुतेक घानाची. घरी परत गेले तर तिथे दुष्काळ. निळ्या-लाल चौकड्यांची चेनवाली प्लॅस्टिकची पिशवी आठवते? आपण गावाला जाताना एस.टी.च्या टपावर टाकायचो ती. पश्चिम आफ्रिकेत तिचं नावच पडलं ‘घाना मस्ट गो’. एका अख्ख्या देशाला हाकलल्याची आठवण पिशवीच्या नावात राहिली आहे.

आता ‘आर्मेनियन’ म्हणजे कोण ते एकदा ठरवा. मी मूळ तासगावचा, त्यामुळे बेदाण्यापासून सुरुवात करतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला आर्मेनियन लोक १८८० च्या दशकापासून आहेत. द्राक्षं लावली, बेदाणे केले. नरसंहारातून वाचलेले नंतर आले. १९७५ पासून लेबनॉनच्या यादवीतून बैरूतचे आले, १९७९ नंतर इराणचे, आणि मग सोव्हिएत आर्मेनियातले. आडनावाच्या स्पेलिंगवरूनही साधारण अंदाज येतो. शेवटी ‘आय-ए-एन’ असेल तर बहुतेक जुनं घराणं, ‘वाय-ए-एन’ असेल तर सोव्हिएतवाले. बैरूतहून सोनाराचा धंदा घेऊन लॉस एंजेलिसच्या ज्वेलरी डिस्ट्रिक्टमध्ये आलेला माणूस आणि आर्मेनियाची राजधानी येरेव्हानहून आलेली पेन्शनर म्हातारी यांची सरासरी काढून तुम्ही काय सिद्ध करणार? जनगणनेच्या खात्यात वंशाने आर्मेनियन म्हटलं की फ्रेस्नोच्या बेदाणेवाल्याची पणतीही त्यात येते. घानाचा आकडा बहुतेक वेळा तिकडे जन्मलेल्यांचा, म्हणजे पहिल्या पिढीचा. चार पिढ्यांची कमाई एका पारड्यात, एका पिढीची दुसऱ्यात.

---

रांगेतला_राजा

तुमचं चालू द्या. मला फक्त एक सांगा, घानाचे लोक इथे आले कसे? लॉटरीने! डायव्हर्सिटी व्हिसा. बारावी पास किंवा दोन वर्षं कुशल कामाचा अनुभव, फॉर्म भरा, नाव लागलं की ग्रीनकार्ड. वर्षाला साधारण ५०,००० वाटायचे. भारताला त्यात प्रवेशच नव्हता. मी एमएस केलं, १५ वर्षं टॅक्स भरतोय, माझी प्रायॉरिटी डेट (ग्रीनकार्डच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख) २०१४. मुलगा आला तेव्हा ४ वर्षांचा होता, आता १९. २१ चा झाला की माझ्या फाइलमधून बाहेर. कोणाची आर्थिक परिस्थिती वाईट ते आता बोला.

---

अर्धा_कप

राजा +१. नोकरीवाली ग्रीनकार्डं वर्षाला १,४०,०००, बायकापोरं त्यातच धरून, आणि कुठल्याही देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही. आइसलँडलाही ७ आणि भारतालाही ७. डोकं फिरतं.

---

ब्राँक्सची_बाय

अहो, धागा आर्मेनियन आणि घानाचा आहे. ग्रीनकार्डचे चाळीस धागे आहेत, तिथे जा ना.

---

रांगेतला_राजा

का जाऊ? तुम्हीच ‘दार’ काढलंत. तुमची आंटी कुठल्या दाराने आली?

---

ब्राँक्सची_बाय

‘दार’ हा शब्द मी काढलेलाच नाही, पण आता काढते, बरं आठवण केलीत. हो, आंटी लॉटरीने आली. ग्रीनकार्ड मिळालं, त्याशिवाय काहीही नाही. तिकीट आणि व्हिसाची फी दिरांकडून उसनी घेतली होती, ती फेडायला तीन वर्षं लागली. उतरल्या रात्री चर्चमधल्या ओळखीच्या बाईच्या सोफ्यावर झोपली. निर्वासित म्हणून येणाऱ्याला स्वागताला संस्था असायची, सुरुवातीचे रोख पैसे, मेडिकेड म्हणजे सरकारी आरोग्य विमा, इंग्रजीचे वर्ग. सोव्हिएत आर्मेनियातले बरेच जण निर्वासित म्हणूनच आले. ते मिळालं म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही, मिळायलाच हवं होतं. पण ‘कोणी फुकट दिलं नाही’ हे वाक्य आधी तपासा.

---

वुस्टरकर

राजा, दोन गोष्टी. एक, लॉटरी आर्मेनियालाही खुली होती आणि तिथूनही लोक तिने आले. दोन, १९९० च्या कायद्यात ही लॉटरी आली ती आयरिश लोकांचा विचार करून. सुरुवातीच्या तीन वर्षांच्या तात्पुरत्या योजनेत ४० टक्के व्हिसा एकट्या आयर्लंडला राखून ठेवले होते. आफ्रिकेला त्याचा फायदा होईल हे करणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. तुमची रांग अडली ती त्या ७ टक्क्यांमुळे. घानाच्या सीएनएने तुमचा नंबर खाल्लेला नाही, तो कोटाच वेगळा आहे.

---

रांगेतला_राजा

कोटा वेगळा, देश तोच ना? ५०,००० वाटायला होते आणि मला द्यायला नाही. तुम्हाला सिटिझनशिप मिळून वीस वर्षं झाली असतील, म्हणून हे शहाणपण सुचतं. माझी बायको एच-४ वर, म्हणजे कामाची परवानगी नसलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, सहा वर्षं घरी बसली होती. आर्किटेक्ट आहे ती. सहा वर्षं तिने लायब्ररीत फुकट स्टोरी-टाइम घेतला. तुमच्या आंटीला पहिल्या आठवड्यात कामाला जाता आलं!

---

अर्धा_कप

हे मात्र खरं आहे. माझ्या बहिणीचंही तेच झालं, ती तर शेवटी कंटाळून पुण्याला परत गेली.

---

शिस्तप्रिय

राजा, विषयाला धरून लिहा. (असं बायच्या बाजूने लिहायची वेळ माझ्यावर आली, काय दिवस आहेत.)

बाय, निर्वासितांना सुरुवातीला मदत मिळायची, कबूल. पण मदत मिळालेले सगळेच दोन इमारतींपर्यंत पोचत नाहीत. काहीतरी आत असावं लागतं.

---

वुस्टरकर

सगळे पोचलेलेच नाहीत, हेच तर म्हणतोय. ग्लेनडेलची निम्म्याहून जास्त घरं भाड्याची आहेत, त्यातल्याच एकात तुम्ही राहता. तिथले किती आर्मेनियन म्हातारे एसएसआयवर (गरीब म्हाताऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) जगतात ते शेजारी विचारा. १९९६ च्या वेल्फेअर कायद्याने नागरिक नसलेल्यांची ही मदत तोडली, निर्वासितांना काही वर्षांचीच मुदत ठेवली, तेव्हा सत्तरीची माणसं राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करत नागरिकत्वाच्या परीक्षेला बसली. इमारतींचा मालक तुम्हाला भाडं घ्यायला आला म्हणून दिसला. पार्कात नर्दी (फाशांचा खेळ) खेळत बसलेल्या म्हाताऱ्याचं बँक पासबुक तुम्हाला कोण दाखवणार?

---

बोरीबंदर

वाचनमात्र होतो, पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. रंग.

१९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाला सांगितलं की तू गोरा नाहीस, सबब नागरिकत्व नाही. थिंदचे वकील होते सखाराम गणेश पंडित. दोनच वर्षांनी, १९२५ ला, ओरेगॉनमधल्या टेटॉस कार्टोझियन या आर्मेनियन गालिचे व्यापाऱ्याचा खटला चालला. कोर्टाने ठरवलं, आर्मेनियन गोरे. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस साक्षीला होते. त्या एका शब्दावर बरंच काही ठरलं, कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येण्यापर्यंत. नागरिकत्वाला अपात्र माणसाला तिथे ती घेता येत नव्हती. पुढे १९८३ ला त्याच कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले जॉर्ज ड्यूकमेजियन, आर्मेनियन.

आणि ग्लेनडेल? ते अनेक दशकं ‘सनडाऊन टाऊन’ होतं. सूर्य मावळायच्या आत काळ्या माणसाने गाव सोडायचं. २०२० मध्ये तिथल्या नगर परिषदेने ठराव करून माफी मागितली. शिस्तप्रिय, घानाचा माणूस ग्लेनडेलला बंगला बांधून का राहत नाही, या प्रश्नाचं थोडं उत्तर तुमच्याच रस्त्यावर आहे.

अवांतर: मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटला आर्मेनियन चर्च आहे. मी रोज समोरून जायचो, आत कधी गेलो नाही.

---

शिस्तप्रिय

आला रेस कार्डवाला, प्रत्येक गोष्टीत वंश काढणारा. घानाचे बहुतेक लोक आले १९९० नंतर. तेव्हा कुठला सनडाऊन? आणि आर्मेनियनांनाही फ्रेस्नोत चांगल्या वस्तीत घर घेता येत नव्हतं, दस्तावर तशी अट लिहिलेली असायची. हे मला त्यांनीच सांगितलंय. तरी वर आलेच ना?

---

बोरीबंदर

आले. आणि दस्तावरच्या त्या अटी कोर्टांनी राबवायच्या नाहीत हे १९४८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तो खटला कोणी लढवला? सेंट लुईसच्या एका काळ्या कुटुंबाने. फायदा सगळ्यांना झाला. ‘त्यांनीच सांगितलं’ त्यात हे सांगायचं राहिलं वाटतं.

---

ब्राँक्सची_बाय

रेस कार्ड म्हणता ना? आमच्या नर्सिंग होममध्ये एक म्हातारे पेशंट आहेत. आंटीला हात लावू देत नाहीत. तोंडावर सांगतात, हिला नको, दुसरी पाठवा. माझ्याकडे बघून म्हणतात, ही चालेल. मी अकरा वर्षं ‘ही चालेल’ आहे. आंटी काही बोलत नाही, चादर घडी करून ठेवते आणि पुढच्या खोलीत जाते. तुम्ही ग्लेनडेलला बसून संस्कृतीचे धडे द्या.

---

शिस्तप्रिय

वैयक्तिक होऊ नका. मी त्या म्हाताऱ्याचं समर्थन केलेलं नाही. मला न बोललेल्या गोष्टीसाठी झोडपणं हा इथला खेळच झालाय.

---

संपादक मंडळ

वैयक्तिक रोखाचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. ग्रीनकार्डवरचे नऊ प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत.

---

रांगेतला_राजा

इथेसुद्धा मला रांगेतून काढून दुसऱ्या रांगेत उभं केलं. धन्यवाद.

---

अर्धा_कप

हा हा. बाय, एक विचारायचं होतं, सुसूत एखादी पैसे उचलून पळाली तर? आमच्या सोसायटीच्या भिशीत तसं झालं होतं, आईचे बावीस हजार गेले.

---

ब्राँक्सची_बाय

पळणार कुठे? चर्च एक, कामाची जागा एक, आणि कुमासीत दोघींच्या आयांची घरं एका गल्लीत. नवीन बाईला पहिला नंबर मात्र कधी देत नाहीत. शेवटचा देतात.

---

शिस्तप्रिय

आज भाडं द्यायला गेलो तेव्हा घरमालकांना सरळ विचारलं, सुरुवातीला सरकारी मदत घेतली होती का. म्हणाले, दोन वर्षं फूड स्टॅम्प (सरकारकडून किराण्यासाठी मदत), आणि आईला मरेपर्यंत एसएसआय. मग म्हणाले, आमच्या सोळा जणांनी दर महिन्याला पैसे गोळा करून एकेकाला द्यायचे ठरवले, त्यातून गॅरेजची पहिली लिफ्ट आली. म्हणजे तुमची भिशीच. आणि वर मलाच विचारलं, “का रे, भाडं थकवायचा विचार आहे का?”

तर फूड स्टॅम्पचा मुद्दा बायचा, घ्या. भिशीचाही घ्या. बाकी माझं मत आहे तेच आहे.

---

रांगेतला_राजा

त्या सोळा जणांचं ग्रीनकार्ड किती वर्षांत झालं, तेवढं विचाराल का पुढच्या महिन्यात?