देवाची चाळ, भाडेकरू (फक्त कामाचे मेसेज)

शुक्रवार, रात्री ९:४०

शैलाकाकू २३: २७ नंबरसमोरचा कठडा गेला. आत्ता. लाकडी दांडा आणि त्याखालचा आधाराचा तोडा, दोन्ही खाली चौकात. दुधाच्या रिकाम्या क्रेटवर पडलं म्हणून आवाज तरी झाला. कोणाला लागलं नाही. मंदार, आहेस का?

शैलाकाकू २३: मी माझी जुनी हिरवी साडी दोन खांबांना बांधून ठेवली आहे. कोणी सोडू नका. पोरं अंधारात धावतात.

बाळ्या: पैठणी असेल तर मी रात्रभर राखण करतो काकू

शैलाकाकू २३: आधी खाली जाऊन तो दांडा उचल. खिळे वर आहेत.

बाळ्या: चाललो

मंदार (सेक्रेटरी): काकू, मी ट्रेनमध्ये आहे, चर्नी रोडला उतरलो की येतो. ताडदेवला रजनी महलमध्ये म्हाडाचा पावसाळी कंट्रोल रूम २४ तास असतो, तिथे फोन लावतोय. तोवर २६ ते २९ वाल्यांनी गॅलरीत उभं राहू नये.

सुहास (डोंबिवली): हे होणारच होतं. २०१९ ला डोंगरीची केसरबाई इमारत पडली तेव्हा याच ग्रुपवर मी लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही. टेकू, प्लास्टर, डांबर, हे सगळे मलमपट्टीचे प्रकार आहेत. एकच उपाय, रिडेव्हलपमेंट. माझ्याकडे बिल्डर पार्टी तयार आहे, ५०० चौरस फूट कार्पेट देतोय.

नेनेकाका ८: सर्वांनी कृपया लक्षात घ्यावे. चाळ विठोबा देवस्थानच्या ट्रस्टची आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना स्थावर मालमत्ता विकता, बक्षीस देता किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही.

परबवहिनी १४: काका, कठडा पडलाय. विकायचं कुठून आलं मध्येच?

नेनेकाका ८: सुहासच्या 'पार्टी'मुळे आलं.

सुहास (डोंबिवली): परवानगी काढता येते काका. पेपरात जाहीर नोटीस, व्हॅल्युअरचा रिपोर्ट, सगळं होतं. विश्वस्तांची इच्छा पाहिजे. त्यांना देवाच्या मखराला चांदी लावायला वेळ आहे.

परबवहिनी १४: चांदीचं खरंय. मागच्या कार्तिकीला आपण सगळ्यांनी पाहिलं. आणि इथे संडासच्या पाइपाला तीन वर्षं सायकलची ट्यूब बांधली आहे.

केदार गुरव (तळमजला): चांदी एका भक्ताने स्वतः दिली, देवस्थानचा पैसा नाही. माहिती नसताना बोलू नये. ४६ खोल्यांचं महिन्याचं भाडं मिळून पाच हजाराच्या आसपास. त्यात मुंबईत एक गवंडी चार दिवस येत नाही. देवाने चाळ कशी चालवायची?

बाळ्या: देवालाच विचार, रोज भेटतोस 🙏

परबवहिनी १४: पाच हजार म्हणे! घ्यायचं तुम्हीच बंद केलंत ना? दोन वर्षं झाली, पावती नाही. मी गेले की ऑफिसातले म्हणतात वही ऑडिटला गेली आहे. कसली वही, दोन वर्षं ऑडिटला?

केदार गुरव (तळमजला): तो निर्णय विश्वस्तांचा. मी आरतीचा माणूस.

मंदार (सेक्रेटरी): भाडं घेत नाहीत तरी पाठवत राहा, हे मी मार्चपासून सांगतोय. चेक पोस्टाने पाठवा, पावती जपा. उद्या 'भाडं थकलं' म्हणून दावा लागला तर तीच कामाला येणार.

नेनेकाका ८: रजिस्टर एडीनेच पाठवावे.

मंदार (सेक्रेटरी): काका, रजिस्टर आता स्पीड पोस्टात विलीन झालंय.

नेनेकाका ८: सरकारने तेही सोडलं नाही तर.

शैलाकाकू २३: आमच्याकडे सासऱ्यांपासूनच्या पावत्या आहेत, पार्लेच्या पत्र्याच्या डब्यात. वर विठोबाचं चित्र छापलेलं म्हणून सासूबाईंनी एकही फाडू दिली नाही. सगळ्यात जुनीवर सात रुपये आहेत. त्यांचं काय करायचं?

मंदार (सेक्रेटरी): काकू, ते सोनं आहे. झेरॉक्स काढून मला द्या, मूळ देऊ नका. कोणालाच.

नेनेकाका ८: पुन्हा सांगतो. कलम ३६.

प्राजक्ता ३१: मी आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. तोडा नुसता सुटलेला नाही, तुळईच्या टोकाला भिंतीत जिथे ती जाते तिथे लाकूड भुसा झालंय. बोट घातलं तर पेराएवढं आत गेलं. वरच्या पन्हाळ्याचं पाणी त्याच भिंतीतून झिरपतं. २८ आणि २९ समोरच्या तुळयांचीही तीच गत असणार. रिडेव्हलपमेंटचं भांडण नंतर करा, आज रात्री तिथे खालून आधार पाहिजे.

सुहास (डोंबिवली): मॅडम, आधार लावून चाळ शंभर वर्षं उभी ठेवायची का? प्रवेशद्वारावर शके १८५० लिहिलंय. म्हणजे १९२८. म्हाडाच्या हिशोबात १९४० च्या आधीची, 'अ' वर्गातली. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियम ३३(७) खाली सरळ बसते. ५१ टक्के संमती झाली की फाइल पुढे.

प्राजक्ता ३१: ५१ टक्के संमतीबरोबर मालकही लागतो. आणि तुमच्या पार्टीचे ५०० तिच्या लेटरहेडवर मागा. नियमात किमान ३०० चौरस फूट कार्पेट आहे, त्यावरचं सगळं बोलण्यावर.

सुहास (डोंबिवली): मालक हलत नसेल तर म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ ची नोटीस. मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, मग म्हाडा स्वतः ताब्यात घेते. कायदा आपल्या बाजूने आहे.

मंदार (सेक्रेटरी): दादा, तशा ९३५ नोटिसांना २०२५ मध्ये हायकोर्टाने स्थगिती दिली. त्या भरवशावर नको.

नेनेकाका ८: याहून जुना मार्ग होता. म्हाडा कायद्याचं प्रकरण ८-अ, १९८६ ची दुरुस्ती. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केला तर सरकारने उपकरप्राप्त (म्हाडाचा दुरुस्ती उपकर लागणारी जुनी) इमारत संपादन करायची आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट मोबदला. मालकमंडळी त्याविरुद्ध १९९२ ला सुप्रीम कोर्टात गेली. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांचा निकाल आला, की प्रत्येक खासगी मालमत्ता काही समाजाची साधनसंपत्ती होत नाही.

बाळ्या: माझं भाडं ११२. गुणिले १०० म्हणजे ११,२००. काका मी माझी पण घेतो आणि तुमची पण, जीपे करतो

परबवहिनी १४: आधी सफाईचे दोनशे जीपे कर.

बाळ्या: माझे दिलेत. डोंबिवलीकरांचे विचारा

परबवहिनी १४: तेही विचारतेच. सुहासभाऊजी, १४ महिने झाले. कुलूप असलं तरी पॅसेज तुमच्या दारावरूनच जातो.

सुहास (डोंबिवली): विषय भरकटवू नका. ज्या खोलीत मी पाणी वापरत नाही त्याचे पैसे कसले? आणि कुलूपवाले म्हणून हिणवू नका, आमचाही जन्म तिथलाच.

नेनेकाका ८: दुरुस्तीबाबत भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ आहे. मालकाला नोटीस द्यावी. १५ दिवसांत दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा.

प्राजक्ता ३१: किती, तेही सांगा काका.

नेनेकाका ८: वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत.

बाळ्या: १३४४ भागिले ४. ३३६ रुपये. तोड्याचे खिळे आले, हातोडी पुढच्या वर्षी

हा मेसेज डिलीट केला आहे.

परबवहिनी १४: केदार, काय लिहून पुसलंस?

केदार गुरव (तळमजला): काही नाही.

सुहास (डोंबिवली): स्क्रीनशॉट जातात इथले विश्वस्तांकडे. मागच्या वेळी मी इथे लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून फोन. मंदार, मालकाचा माणूस भाडेकरूंच्या ग्रुपवर कशाला हवा ते एकदा ठरवा.

केदार गुरव (तळमजला): मी लिहून पुसलं ते हेच, की मीही इथेच राहतो. तळमजल्याला. २७ च्या बरोब्बर खाली आमची मोरी आहे. वरचं खाली आलं तर पहिलं माझ्या आईच्या डोक्यावर. विश्वस्तांनी माझी खोली माझ्या नावावर केलेली नाही, मला पावतीही नाही. तुमच्याकडे डबाभर आहेत.

(बराच वेळ कोणाचा मेसेज नाही.)

शैलाकाकू २३: केदार, आईला आज आमच्याकडे झोपायला पाठव.

केदार गुरव (तळमजला): विचारतो काकू.

केदार गुरव (तळमजला): आणि पाटीवर फक्त साल नाही. 'देवाच्या दिवाबत्ती व नैवेद्याकरिता' असंही आहे. ज्या बाईंनी चाळ देवाला दिली त्यांना वाटलं असेल भाड्यातून दिवा जळेल. आता दिव्याचं तेल दानपेटीतून येतं आणि चाळीला कोणीच वाली नाही, हे मला दिसत नाही असं समजू नका.

प्राजक्ता ३१: भेंडी बाजारची हुसैनी इमारत पडलेली आठवते? ३१ ऑगस्ट २०१७, सकाळ. ३३ माणसं गेली. तीही एका ट्रस्टच्याच मालकीची. काही कुटुंबं आधी हलवली होती, काही राहिली होती. इथून चालत अर्धा तास.

परबवहिनी १४: हलायला कोण तयार होतं? माझी मावशी ट्रान्झिट कॅम्पात गेली ती तिथेच वारली. जागा सोडली की मग कोण विचारतं?

नेनेकाका ८: कलम ३६ चा मुद्दा अनुत्तरितच राहिला आहे.

मंदार (सेक्रेटरी): काका 🙏 सोमवारी धर्मादाय आयुक्तांकडे त्याच कायद्याच्या कलम ४१-अ खाली अर्ज टाकू, विश्वस्तांना दुरुस्तीचे निर्देश द्या म्हणून. मसुदा तुम्हीच करा. पण एका पानात.

नेनेकाका ८: एका पानात होणार नाही. प्रयत्न करतो.

शनिवार, सकाळी ६:५०

सुहास (डोंबिवली): [फोटो] शुभ सकाळ. विठ्ठल विठ्ठल.

मंदार (सेक्रेटरी): रात्री दीडला म्हाडाचा माणूस आला, फोटो काढले, टेकू सोमवारी म्हणाला. मग दोन वाजता केदार आणि बाळ्याने देवळातल्या आषाढीच्या मांडवाच्या चार बल्ल्या आणून २७, २८ खाली लावल्या. प्राजक्ताताईंनी फळ्या आणि पाचरी कशा द्यायच्या ते दाखवलं. तिघांचे आभार.

परबवहिनी १४: मांडवाच्या? विश्वस्तांना विचारलं का?

केदार गुरव (तळमजला): विठोबाला विचारलं. एकादशीला अजून सहा दिवस आहेत. तोवर मांडववाला आणखी बल्ल्या आणेल, त्याच्याशी मी बोलतो.

नेनेकाका ८: देवस्थानच्या जंगम मालमत्तेचा असा वापर करण्यापूर्वी लेखी...

बाळ्या: काका तुम्ही झोपा

सुहास (डोंबिवली): मंदार, एक सुचवू? सोमवारी म्हाडावाले येण्याआधी बल्ल्या काढून ठेवा. भक्कम दिसली तर यादीत धोकादायक म्हणून घेणार नाहीत. सगळ्यांच्या भल्यासाठी सांगतोय.

शैलाकाकू २३: सुहास, तू ये आणि तुझ्या हाताने काढ. खाली केदारच्या मोरीत उभा राहून काढ.

सुहास (डोंबिवली): मी फक्त सुचवलं.

प्राजक्ता ३१: कोणीही बल्ल्यांना हात लावणार नाही. २९ खाली अजून लागली नाहीये. तिथलं कपड्यांचं ओझं तरी उतरवा, तारेवर ओल्या गोधड्या आहेत.

परबवहिनी १४: त्या आमच्याच. काढते.

शैलाकाकू २३: आणि साडी कोणी सोडली? बल्ल्या लावताना बाजूला टाकलीत ती तशीच पायरीवर भिजत पडली आहे. कठडा अजून नाही तिथे. कोणीतरी परत बांधा पटकन, साडेसातला पोरं शाळेला निघतात.

बाळ्या: बांधतोय काकू. खालून दुसरी दोरी पण आणतो