हीला पेशींत पी५३ चं चिप: आयपी आणि आयजीजी सारखंच येतंय, कुठे चुकतंय?

एमएस्सी_सोलापूर

नमस्कार. पी५३ हे प्रथिन (डीएनएला इजा झाली की पेशीची वाढ थांबवणारं) पी२१ च्या जीनवर जाऊन बसतं, हे चिप-क्यूपीसीआरने (प्रथिन आणि त्याला चिकटलेला डीएनए अँटिबॉडीने ओढून काढायचा, म्हणजे आयपी, मग तो डीएनए किती आला ते मोजायचं) दाखवायचंय. पद्धत अशी: हीला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या), डॉक्सोरुबिसिन (डीएनएला इजा करणारं औषध) १ मायक्रोमोलर, २४ तास. क्रॉसलिंकिंगला (प्रथिन डीएनएला घट्ट जोडायला) फॉर्मल्डिहाइड १ टक्का, रूम टेंपरेचरला १० मिनिटं, मग थांबवायला ग्लायसीन. डीएनएचे तुकडे करायला प्रोब सोनिकेटर १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, असं १२ वेळा. पी५३ ची डीओ-१ अँटिबॉडी ३ मायक्रोग्रॅम, तुलनेला माउस आयजीजी (पी५३ ला न ओळखणारी अँटिबॉडी) तेवढीच. पी२१ चे प्रायमर टीएसएसच्या (जीन वाचायला जिथून सुरुवात होते ती जागा) १०० बेसपेअर मागे.

सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसला; आकडा कमी म्हणजे डीएनए जास्त): इनपुट (आयपीआधी बाजूला काढलेलं १ टक्का सँपल) २४.८, पी५३ ३१.२, आयजीजी ३१.०. जेलवर स्मिअर (डीएनएच्या तुकड्यांचा पट्टा) १००० बेसपेअरच्या वरच अडकलाय. वॉश वाढवू की अँटिबॉडी बदलू? नवी अँटिबॉडी घेतली तर प्रोजेक्टचे पैसे तिथेच संपतात.

प्रमोटर

अँटिबॉडी मागवू नका, वॉशही वाढवू नका. आधी तुमचेच आकडे वाचू.

इनपुट १ टक्का आहे, म्हणून त्याच्या सीटीतून ६.६४ वजा करा (१०० चा २ च्या पायावरचा लॉग). २४.८ वजा ६.६४ म्हणजे १८.१६. पी५३ चा फरक १३.०४ आला, म्हणजे इनपुटच्या ०.०१२ टक्के. आयजीजी ०.०१४ टक्के. आता आयजीजीचा हा आकडा बघा, चांगला कमी आहे. बीड्स, मीठ, वॉश सगळं जागेवर आहे. बॅकग्राउंड जास्त असतं तर आयजीजीच ०.१ च्या पुढे गेलं असतं. तुमच्याकडे बॅकग्राउंड वाढलेलं नाही, सिग्नलच आलेला नाही. अशा वेळी वॉश कडक केले तर जे थोडं असेल तेही धुऊन जाईल. ०.५ टक्के मिळालं असतं तर सीटी २५.८ च्या आसपास दिसली असती. तुम्ही साडेपाच सायकल मागे आहात.

सिग्नल नाही याचं पहिलं कारण पेशी. हीलामध्ये एचपीव्ही-१८ या विषाणूचा ई६ (एक प्रथिन) आहे. तो ई६एपी या युबिक्विटिन लायगेजला (प्रथिनावर मोडण्याची खूण लावणाऱ्या एन्झाइमला) हाताशी धरून पी५३ ला प्रोटिअसोमकडे (प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे) पाठवतो. जीन शाबूत, आरएनए तयार होतो, पण प्रथिन टिकत नाही. डॉक्सोने थोडं वाढतं, पण चिपला पुरेल याचा भरवसा नाही. पी५३ वाढवणारं नटलिन हे औषधही इथे फार कामाचं नाही, कारण ते एमडीएम२ ला (एरवी पी५३ संपवणाऱ्या प्रथिनाला) अडवतं आणि इथे पी५३ संपवणारा दुसराच आहे.

एमसीएफ-७, एचसीटी११६ किंवा ए५४९ या पेशी घ्या, तिन्हींत पी५३ मूळ रूपात आहे. पुण्याच्या एनसीसीएसच्या पेशी-भांडारातून मागवल्या तरी एसटीआर प्रोफाइल (पेशी त्याच आहेत ना, हे सांगणारी डीएनए-ओळख) बघूनच कामाला लागा. आणि जे हाताशी आहे ते घेऊ म्हणून एमडीए-एमबी-२३१ किंवा टी४७डी या पेशी घेऊ नका. त्यांत पी५३ ची पट्टी वेस्टर्नवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणारी चाचणी) जाडजूड दिसते, पण प्रथिन बिघडलेलं आहे. २३१ मध्ये तर डीएनएला हात लावणारं २८० क्रमांकाचं अमिनो आम्लच बदललंय. पट्टी जाड म्हणजे प्रथिन कामाचं, असं धरून चालू नका.

एमसीएफ-७ ला नटलिन-३ए १० मायक्रोमोलर, १६ ते २४ तास द्या. डॉक्सो स्वतःच डीएनएत घुसतं आणि जास्त मात्रेत हिस्टोनही (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) उखडतं, त्यामुळे क्रोमॅटिनच्या (डीएनए आणि त्याची प्रथिनं) कामाला नटलिन स्वच्छ. चिपआधी ३० मायक्रोग्रॅम प्रथिनाचा वेस्टर्न लावा: पी५३, पी२१, आणि सँपल सारखं लागलंय ना हे बघायला ॲक्टिन. पी२१ वर आलं नाही तर चिप करूच नका.

मेमधली_लॅब

पेशींचं प्रमोटर यांनी सांगितलं, मी फक्त त्या १००० च्या स्मिअरबद्दल बोलतो.

जेलला सँपल लावण्याआधी डीक्रॉसलिंक केलं होतं का (फॉर्मल्डिहाइडचे जोड सोडवले होते का)? नसेल तर तो स्मिअर काहीच सांगत नाही. प्रथिनं चिकटलेला डीएनए वरच अडकतो. २० मायक्रोलिटर घ्या, सोडियम क्लोराइड २०० मिलिमोलर होईल इतकं घाला, ९५ अंशांना १५ मिनिटं ठेवा. थंड झाल्यावर आरएनेझ (आरएनए मोडायला), मग प्रोटिनेझ-के (प्रथिनं मोडायला), मग १.५ टक्के ॲगरोज. आरएनेझ विसरलात तर उलट फसगत: आरएनएचा धूर खाली दिसतो आणि वाटतं, छान तुकडे पडलेत. २०० ते ५०० बेसपेअर हवेत.

एवढं करूनही वरच राहिलं तर रूम टेंपरेचर बघा. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याच्या मनात २० ते २५ अंश असतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीचं टेंपरेचर ३८-४० असतं, आणि मीडियम ३७ च्या इन्क्युबेटरमधून येतं. तिथे १० मिनिटांत होणारं क्रॉसलिंकिंग भलतंच घट्ट होतं. मग क्रोमॅटिन सोनिकेटरला दाद देत नाही, आणि अँटिबॉडीला जिथे बसायचं ती जागाही झाकली जाते. पसरट टबात पाणी घ्या, बर्फाचे खडे टाकत २५ वर आणा, थर्मामीटर आतच ठेवा आणि डिश त्यावर तरंगत ठेवा. फॉर्मल्डिहाइड घालण्याआधी मीडियमही २५ वर येऊ द्या. ५, ८, १० मिनिटांच्या तीन डिश करून बघा.

फॉर्मलिनच्या (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाच्या) बाटलीत तळाला पांढरा साका असेल तर ती बाटली चिपला वापरू नका. तो पॅराफॉर्मल्डिहाइड आहे, म्हणजे वरचं द्रावण ३७ टक्के राहिलेलं नाही. मिथेनॉल नसलेली १६ टक्क्यांची ॲम्प्यूल मिळाली तर १० मिलिलिटर मीडियमला ६७० मायक्रोलिटर. ३७ टक्के ताजं असेल तर २८० मायक्रोलिटर. थांबवायला १.२५ मोलर ग्लायसीन १.१ मिलिलिटर, ५ मिनिटं.

सोनिकेशनला दीड मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये ३०० ते ५०० मायक्रोलिटर. ट्यूब बर्फ-पाण्याच्या काल्यात बुडवा. नुसत्या खड्यांत ठेवली तर मधे हवा राहते आणि ट्यूब तापते. फेस आला की लगेच थांबा: फेसात शक्ती वाया जाते, तुकडे पडत नाहीत. ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून फेस बसवा, प्रोब थोडा खाली घ्या, ॲम्प्लिट्यूड कमी करून पुन्हा सुरू करा. बफरमध्ये १ टक्का एसडीएस (डिटर्जंट) असेल तर बर्फात पांढरा साका धरतो. तो क्रोमॅटिनचा नाही, घाबरू नका. फक्त आयपीआधी दहापट पातळ करायला विसरू नका, नाहीतर अँटिबॉडीच मोडते.

अनुवंश

प्रायमरकडे कुणी पाहिलं नाही. पी२१ वर पी५३ ची मुख्य जागा टीएसएसजवळ नाही, साधारण २.२ किलोबेस मागे आहे. दुसरी, कमजोर, १.४ किलोबेसच्या आसपास. तुकडे ३०० चे पडले आणि प्रायमर १०० वर, तर पी५३ बसलेला असूनही तुम्हाला दिसणार नाही. तुकडे मोठे असते तरच चुकून थोडं दिसतं, आणि म्हणूनच खराब सोनिकेशनवर कधीकधी खोटं समाधान मिळतं.

ॲम्प्लिकॉन (दोन प्रायमरमध्ये वाढणारा तुकडा) ८० ते १२० बेसपेअर. इनपुटच्या दहापट पातळ केलेल्या चार पायऱ्यांवर स्लोप -३.३ च्या जवळ हवा, मेल्ट कर्व्हला एकच शिखर. निगेटिव्ह म्हणून जिथे जवळपास जीन नाही असा पट्टा घ्या. नुसती आयजीजीशी तुलना पुरत नाही.

एमएस्सी_सोलापूर

जेलवर थेट लावलं होतं, डीक्रॉसलिंक न करता. प्रायमर बदलते, एमसीएफ-७ ची विचारणा करते. फॉर्मलिनच्या तळाला साकाही आहे. पण हीलाचे चार फ्लास्क वाढवून ठेवलेत, त्यांचं काय करू?

प्रमोटर

टाकू नका. जीन-नियंत्रणाच्या अभ्यासाला हीला उत्तमच आहे, फक्त तिला पी५३ विचारू नका. हीलात एचपीव्ही-१८ आठव्या गुणसूत्रावर, पेशी वाढवणाऱ्या मिक जीनपासून सुमारे ५०० किलोबेस अंतरावर घुसलेला आहे, आणि विषाणूचा एनहान्सर (जीनचं काम वाढवणारा डीएनएचा पट्टा) तेवढ्या लांबून मिकला चालवतो. विषाणूच्या नियंत्रक पट्ट्यावर आणि मिकच्या प्रमोटरवर (जीनच्या सुरुवातीचा नियंत्रक भाग) एच३के२७ॲसिटिलचं (चालू पट्ट्यांजवळच्या हिस्टोनवरची खूण) चिप करा. हिस्टोनची अँटिबॉडी सोपी जाते, १० ते २० लाख पेशी आणि १-२ मायक्रोग्रॅम पुरतात, सिग्नल टक्क्यांत येतो. नवी अँटिबॉडी घ्यायचीच असेल तर पैसे हिच्यावर घाला. बफरमध्ये सोडियम ब्युटिरेट ५ मिलिमोलर, नाहीतर ॲसिटिल गट उडतात. अँटिबॉडी सशाची असेल तर आयजीजीही सशाची घ्या, माउसची चालणार नाही. याच सँपलवर तुमचं क्रॉसलिंकिंग आणि सोनिकेशन बसवून घ्या, एमसीएफ-७ येईपर्यंत हात तयार होतो.

आणि हा विषय आपल्याकडे परका नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून आपल्याच जिल्ह्यात बार्शीला चालू आहे, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथला मोठा प्रश्न राहिलाय. त्याच्या मुळाशी हाच ई६ आहे. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत हे लिहा.

मेमधली_लॅब

एकच जोडतो. ६५ अंशांचं डीक्रॉसलिंकिंग रात्रभर लावू नका, मधे लाईट गेली तर सकाळपर्यंत कळत नाही. दिवसा, समोर, ६ तास पुरतात. इनपुटही त्याच ब्लॉकमध्ये, त्याच वेळी ठेवा.