हवाईची लाकडी भांडी: ठिगळ असूनही भाव?

खोडकिडा: अँटिक्स रोडशो या जुन्या वस्तूंच्या टीव्ही कार्यक्रमात हवाईची जुनी लाकडी भांडी बघतोय. चिरेवर फुलपाखरासारखे ठोकळे बसवलेले, तरी तज्ज्ञ खूश! डागडुजीनं किंमत पडत नाही?

सुतारपक्षी: उलट! ते पेवा. तडकलेलं उमेके, म्हणजे लाकडी वाडगा, टाकायचं नाही, सांधून वापरायचं, ही तिथली रीत. मी तर आधी पेवाच शोधतो. पोईसाठी (अळूच्या कंदाचा लगदा) कोऊ किंवा मिलोचं लाकूड. कोआच्या लाकडाची कडवट चव अन्नात उतरते. लेथच्या (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) एकसारख्या रेघा दिसल्या तर भांडं 1778 नंतरचं, ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक येऊन गेल्यावरचं.

जुनाबाजार: नव्या भांड्यांवरही हौसेनं पेवा ठोकतात हो. खाली चीर आहे का बघा.

खोडकिडा: आणि केसांच्या गोफातला तो दात?

सुतारपक्षी: लेई निहो पलाओआ, सरदारांचा दागिना. माणसाचे केस, स्पर्म व्हेलचा दात. अमेरिकेत 1972 च्या सागरी सस्तन प्राणी कायद्यानं व्हेलच्या दातांचा व्यापार जखडलाय, तेव्हा टीव्हीवरच्या आकड्यानं हुरळू नका.