मदत हवी आहे: टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) टॉवरची सूचना चुकली, आता सराव कसा करू?

नमस्कार. मी सोलापूरचा, सध्या बाहेरच्या राज्यात सीपीएलचं (व्यावसायिक पायलटच्या परवान्याचं) ट्रेनिंग घेतोय. सुट्टीला घरी आलोय. पुढच्या महिन्यात आरटीआरची (विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्याची) परीक्षा आहे.

झालं असं. रोज सकाळी टॉवरकडून आम्हाला ठरलेलंच वाक्य यायचं: अल्फा टॅक्सीवेवरून टॅक्सी, रनवेवर प्रवेश, बॅकट्रॅक (रनवेवरूनच उलट दिशेने जाणं), लाइन अप (उड्डाणासाठी रनवेवर उभं राहणं). त्या दिवशी एक विमान उतरायला येत होतं, म्हणून कंट्रोलरने 'होल्ड शॉर्ट' (रनवेच्या अलीकडे थांबा) सांगितलं. मी नुसतं 'रॉजर' म्हणालो आणि पुढे निघालो. डोक्यात रोजचंच वाक्य वाजत होतं. होल्डिंग पॉइंटला चार पिवळ्या रेषा असतात, आपल्या बाजूला दोन सलग आणि रनवेच्या बाजूला दोन तुटक. पुढचं चाक पहिल्या सलग रेषेवर चढलं तेवढ्यात इन्स्ट्रक्टर सरांनी ब्रेक दाबला. हेडसेटमध्ये 'होल्ड पोझिशन', आणि लगेच त्या दुसऱ्या विमानाला गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जा).

कुणाला काही झालं नाही. रिपोर्ट लिहिला, सर रागावलेही नाहीत. पण माझी झोप उडालीय. इंग्रजी कच्चं म्हणून झालं, असं मित्र म्हणतात. मला ते पटत नाही, 'होल्ड शॉर्ट' मला चांगलं कळतं. त्या दिवशी ते कानावर पडलं, पण मी ऐकलं ते रोजचंच.

आता उलटंच झालंय. प्रत्येक सूचना पुन्हा विचारावीशी वाटते, पण मागे तीन विमानं ताटकळलेली असली की घसा कोरडा पडतो. 'से अगेन' (पुन्हा सांगा) किती वेळा म्हटलेलं चालतं? आणि घरी सराव कसा करू? बहीण वहीतून सूचना वाचते आणि मी रीडबॅक देतो (तेच शब्द परत म्हणतो), पण घर शांत, आवाज ओळखीचा. २०२५च्या जूनमध्ये इथल्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा आई म्हणाली होती, एक दिवस तू इथे उतरशील. तिला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

जुना_टॉवर: बाळा, मी आयुष्यभर तुझ्या समोरच्या खुर्चीत बसलो. पहिली गोष्ट, 'रॉजर' म्हणजे फक्त 'तुमचं बोलणं पोहोचलं'. रनवेवर जा, ओलांडा, अलीकडे थांबा, बॅकट्रॅक करा, असं काहीही सांगितलं की शब्द परत म्हणायचेच, रनवेच्या नंबरासकट. तू नुसतं 'रॉजर' म्हणालास तेव्हा त्या कंट्रोलरनेही रीडबॅक मागून घ्यायला हवा होता. ऐकून घेणं हे आमचं काम आहे.

पण शब्द बरोबर परत म्हटले म्हणजे झालं असंही नाही. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदाला तटरक्षक दलाच्या विमानाला सी-५ होल्डिंग पॉइंटपर्यंत टॅक्सी करायला सांगितलं, सोबत 'नंबर वन', म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिले. त्यांनी रीडबॅक बरोबर दिला. तरी रनवेवर जायची परवानगी मिळाली असा समज झाला आणि ते आत जाऊन थांबले. वरून प्रवासी विमान उतरलं. त्यातले ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले. म्हणून रेषेपाशी आल्यावर सोबतच्याला मोठ्याने विचारायचं, 'आत जायला कुणी सांगितलं, कोणत्या शब्दांत?' दोघांना तेच शब्द आठवले नाहीत तर चाक हलवायचं नाही.

'से अगेन' हवं तितक्या वेळा म्हण. फक्त 'आत जाऊ ना?' असं विचारू नकोस, गडबडीत 'हो' येऊ शकतं. स्पेनच्या तेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ला केएलएम कंपनीच्या विमानाचा पायलट म्हणाला, 'वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ'. टॉवरला वाटलं तो जागेवर उभा आहे. टॉवर म्हणाला, 'ओके', आणि पुढचं 'थांबा, मी सांगतो' हे पॅन अ‍ॅमच्या (रनवेवरच्या दुसऱ्या विमानाच्या) बोलण्याशी एकाच वेळी आल्यामुळे किरकिरीत गेलं. धुक्यात दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर'.

उजवी_सीट: मी ऐकता ऐकता पॅडवर लिहिते. होल्ड शॉर्ट आलं की मोठा एच आणि त्याखाली आडवी रेघ. हात लिहीत असला की मन रोजच्या वाक्याकडे पळत नाही. बहिणीला सांग, दहातल्या तीन सूचना मध्येच बदलून वाच.

मूळ धागाकर्ता: सर, ताई, मनापासून आभार. सर, तुमचं ते टेकऑफचं वाचून बाबांना दाखवलं. ते पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (लूम दुरुस्त करणारे) आहेत. म्हणाले, आमच्याकडे हे कधीपासून आहे. लूममध्ये हात असताना 'चालू करू नको' असं कुणी ओरडायचं नाही. खडखडाटात 'नको' विरून जातं आणि 'चालू कर' तेवढं पोहोचतं. म्हणून 'थांब' म्हणायचं, आणि समोरच्याने हात वर केलेला दिसल्याशिवाय कामाला लागायचं नाही.

उद्यापासून बहिणीला घेऊन कारखान्यात सराव करणार आहे, बाबांनी मालकांना विचारलंय. एकच शंका राहिली. फ्रीक्वेन्सी इतकी भरलेली असेल की 'से अगेन'सुद्धा घुसत नाही, तर?

जुना_टॉवर: तर रेषेच्या अलीकडे उभा राहा. मागचे थांबतील. आणि आईला सांगून टाक.